आन्येलोला न लागलेल्या अकरा गोळ्या

नेपल्स, ९ मे २०१९

प्रिय ओर्तेन्सिया,

फोनच करणार होते. पण फोनवर मला रडू येतं, आणि आज मला रडायचं नाहीये, भांडायचं आहे. म्हणून कागद घेऊन बसले. एका जागी बसून वाच.

आपल्या दाराशेजारचा भिंतीतला कोनाडा तुला आठवत असेलच. वर मादोन्ना, आपली मेरीमाता, खाली फोटोत तुझी आई आणि तिच्या शेजारी आपला आन्येलो, हातात पळी घेतलेला. मार्चपासून रोज सकाळी साडेदहाला एक पोरगी पिवळी छत्री उंच धरून वीस-पंचवीस प्रवाशांचा घोळका आपल्या गल्लीत आणते. या गल्लीत, अगं! जिथे गॅसचा मीटर बघणारा माणूससुद्धा दोनदा विचार करून शिरायचा. घोळका कोनाड्यापुढे थांबतो, पोरगी इंग्रजीत काहीतरी सांगते आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. कुणी टोपी काढतं, कुणी छातीवर क्रूस करतं. एक जपानी म्हातारा तर कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला, मला वाटलं याची कंबर धरली की काय.

आणि मी मूर्ख बाई काय समजले? मला वाटलं, सोळा वर्षांनी का होईना, जगाला माझ्या नवऱ्याची किंमत कळली! रोज सकाळी काळा ब्लाउज इस्त्री करून घालायला लागले. रोज ताजी फुलं. दिवा बदलला. तारल्लीची खारी बिस्किटं भाजून ताटलीत घेऊन दारात उभी राहायचे, छोट्या कपांतून कॉफी द्यायचे. बायका माझे हात हातात घेऊन डोळे पुसायच्या, मग मीही रडायचे. वरच्या मजल्यावरच्या नान्नीनाला मी ऐकवलंसुद्धा, "तुझ्या नवऱ्याने तीस वर्षं ट्राम चालवली, त्याला कुत्रं तरी विचारतं का?"

काल घोळक्यात एक अर्जेंटिनाची बाई होती. तिची आजी आपल्याच बाजूची, त्यामुळे ती आपली जुनी बोली बोलत होती, आता आपणही बोलत नाही अशी. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाई गं, अकरा गोळ्या! आणि त्या बिचाऱ्याच्या हातात पळी तशीच!"

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या?"

मग तिने सगळं सांगितलं. म्हणे आन्येलो कोपऱ्यावर ऑक्टोपसचं कढण विकायचा. चोरट्या सिगारेटी त्याच्या गाडीखाली लपवायला टोळीवाल्यांनी सांगितलं, तो नाही म्हणाला, म्हणून त्यांनी त्याला माझ्या दारात गोळ्या घातल्या. मी धावत बाहेर आले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्या दिवसापासून काळे कपडे घालून या दारातच उभी आहे!

ओर्तेन्सिया, तळपायाची आग मस्तकाला गेली. माझा आन्येलो! दाढी करताना गाल कापला तर ज्याला घेरी यायची! "ऑक्टोपसला लाल रक्त नसतं म्हणून मी या धंद्यात," असं सांगणारा माणूस! तो साखरेच्या आजाराने गेला, स्वतःच्या पलंगावर, सतरा जानेवारीला, पीच मागत. जानेवारीत पीच! नान्नीना अख्खा बाजार पालथा घालून डब्यातलं पीच घेऊन आली, तर एक घास खाऊन म्हणतो, "हे डब्यातलं आहे." ही त्याची शेवटची तक्रार. आणि या लोकांनी त्याला रोज साडेदहाला ठार मारायचं? सोमवार सोडून, कारण सोमवारी त्यांना सुट्टी असते!

आणि त्याबद्दल मी त्यांना कॉफी पाजली. हे सगळ्यात जास्त झोंबतंय.

तू घरातली शिकलेली. उत्तरेत राहतेस, कुणाला काय लिहावं तुला समजतं. नगरपालिकेला लिही, बिशपला लिही, ज्याला लिहायचं त्याला लिही. माझा नवरा असला तरी तुझा सख्खा भाऊ आहे, तुझंही रक्त उसळलं पाहिजे.

तुझी,
एर्सिलिया


तुरिन, १६ मे २०१९

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्हाला किती त्रास झाला असेल ते कळतंय, पण वहिनी, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या. या प्रवासी लोकांचं काय मनावर घ्यायचं? सकाळी ऐकतात, दुपारी पिझ्झा खाल्ला की विसरतात. अर्जेंटिनाच्या बाईला नीट कळलं नसेल असंही असू शकतं.

बिशपला वगैरे लिहून उगाच गवगवा होईल. मला वाटतं, उन्हाळा संपेपर्यंत दादाचा फोटो घरात काढून ठेवावा. फोटो नसला तर ते थांबणार नाहीत, थांबले नाहीत तर बोलणार नाहीत. आणि एक बोलू का? ते निदान त्याला शूर तरी म्हणताहेत. वाईट काही सांगत नाहीत ना?

छत्रीवर कुठल्या कंपनीचं नाव आहे का, तेवढं बघून कळवा. त्या मुलीशी भांडू नका, ती पोटासाठी करत असेल.

इकडे सगळं ठीक. आमची नात इलारिया नोकरीत रमली आहे, साहेब तिच्यावर खूष आहेत. गेल्या ऑक्टोबरात तुमच्याकडे चार दिवस राहून आली त्याच्या गोष्टी अजून सांगते. तुमच्या वांग्याच्या भाजीची चव तिच्या आजीच्या हाताला नाही म्हणे.

तुमची,
ओर्तेन्सिया


नेपल्स, २९ मे २०१९

ओर्तेन्सिया,

फोटो घरात ठेवू? म्हणजे चोरी त्यांनी करायची आणि तोंड आम्ही लपवायचं? सोळा वर्षं तो त्या भिंतीवर आहे. गल्लीतली पोरं परीक्षेला जाताना त्याला हात लावून जातात. तुझं तुरिनचं धुकं डोक्यात शिरलंय की काय?

आणि "निदान शूर म्हणताहेत" म्हणे! अगं, साठ वर्षं माणसाने साधेपणाने काढली, कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एवढं करायला काय कमी जीव लागतो? या गल्लीत? आणि मेल्यावर त्याला काय मिळालं, तर अकरा गोळ्या.

तू भांडू नकोस म्हणालीस म्हणून मी भांडले. साडेदहाला दारात झाडू घेऊनच उभी राहिले. छत्रीवाली आली, नोएमी तिचं नाव, मिलानकडची आहे. मी म्हटलं, "बाई, माझ्या नवऱ्याला कुणी मारलं ते मलाही सांग, माझ्याच घरी घडलं आणि मलाच माहीत नाही!" ती पांढरीफटक पडली. वाईट नाही पोरगी. तिने पर्समधून छापील कागद काढून दाखवला. "मावशी, मी लिहीत नाही, मी फक्त वाचते. कागद ऑफिसातून येतो."

तो कागद मी ठेवून घेतला आणि औषधाच्या दुकानातल्या मुलाकडून वाचून घेतला. त्यात नुसतं नाव नाही. आन्येलो गाताना एक डोळा मिटायचा, ते आहे. पहिल्या कढणाचा पेला मादोन्नापुढे ठेवायचा, ते आहे. आणि त्याच्या उजव्या भुवईवरची खूण! कागद म्हणतो, टोळीवाल्यांनी आधी चाकू दाखवून धमकावलं तेव्हाचा तो वार. वार! ईस्टरच्या केकमधला तुझा वाटा त्याने खाल्ला म्हणून तू सात वर्षांची असताना त्याला डाव फेकून मारलास, त्याची ती खूण. ती फोटोत दिसतसुद्धा नाही, त्याने तिथे केस ओढून घेतलेत.

मग ती खूण कुणाला माहीत? मला, तुला, आणि त्याला शेवटची आंघोळ घालताना माझ्याबरोबर होती त्या नान्नीनाला.

नान्नीना! वरच्या दोन खोल्या ती प्रवाशांना देते, दिवसभर त्यांच्याशी हातवारे करून गप्पा मारते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी गल्लीत मधोमध उभी राहिले आणि हाक मारली. ती गॅलरीत आली. मी म्हटलं, "खोल्या भरायला माझा नवरा विकलास काय गं? त्याचं अंग धुताना खुणा मोजत होतीस?" सगळी गल्ली ऐकत होती. ती एक शब्द बोलली नाही. नान्नीना आणि गप्प! चोर सापडला की असाच गप्प बसतो.

तिचे गुडघे गेल्यापासून रोज सकाळी ती दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि मी तिचा पाव त्यात ठेवायचे. आज नऊ दिवस झाले, टोपली खाली आली नाही. उपाशी राहू दे. चाळीस वर्षांची मैत्री, ओर्तेन्सिया, आणि केसाने गळा कापला तिने.

छत्रीवर कंपनीचं नाव नाही, पण कागदाखाली तुरिनचा पत्ता आहे. तू तिथेच आहेस. जा आणि त्यांच्या टेबलावर हात आपट.

एर्सिलिया


तुरिन, ७ जून २०१९

वहिनी,

नान्नीनाची काही चूक नाही. आधी हे वाचा, मग वर जाऊन तिला सांगा, मग पुढचं वाचा.

तो कागद इलारियाने लिहिला. त्या ऑफिसात ती हेच काम करते, कुठल्या शहरात लोकांना कुठे थांबवायचं आणि काय सांगायचं ते लिहिते. तिने काही बनवून लिहिलं नाही. तिला जे खरं वाटत होतं तेच लिहिलं, कारण लहानपणापासून मी तिला तेच सांगत आले.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. छत्रीवरचं नाव विचारलं ते उगाच, तुम्हाला गुंतवून ठेवायला.

आता पहिल्यापासून सांगते. एकदाच सांगणार आहे, म्हणून खाडाखोड झाली तरी कागद बदलणार नाही.

चौऱ्याण्णव साली आई गेली. मी गाडीत बसले होते, गाडी रोमच्या अलीकडे सहा तास अडकली. मी पोचले तेव्हा दादाने आईला कबरीत ठेवून दगड बसवूनही टाकला होता. सहा तास थांबता आलं नाही त्याला. मी तिथेच स्मशानात त्याला म्हटलं, "तुझ्या मातीलाही मी येणार नाही." तुम्ही पाद्रीबाबांशी बोलत होतात, तुम्ही ऐकलं नाही. त्यानंतर नाताळला फोनवर तुमच्याशी बोलायचे, तो घरात नसेल अशी वेळ बघून.

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत तुमचा फोन आला, दादाचं काही खरं नाही, लगेच निघ. मी म्हटलं, माझा पाय मोडलाय, प्लास्टरमध्ये आहे. पाय मोडला नव्हता, वहिनी. मी फोनपाशी दोन्ही पायांवर उभी होते. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर तुम्ही पायासाठी म्हणून मलम पाठवलंत, ते मी वर्षभर कपाटातून काढलं नाही.

माझ्या नवऱ्याला माहीत होतं पाय धड आहे ते. पिएरो सरळ माणूस. म्हणाला, "सख्खा भाऊ गेला आणि तू जात नाहीस? असं काय झालंय?" मला सांगायची लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, त्याला टोळीवाल्यांनी मारलं, आत्ता तिकडे जाणं धोक्याचं आहे. इकडच्या लोकांना नेपल्सचं असलं काही सांगितलं की लगेच पटतं, पुरावा मागत नाहीत. पुढे मुलांनी विचारलं, मग नातीने. प्रत्येक वेळी थोडं वाढत गेलं. अकरा हा आकडा कुठून आला ते माझं मलाच आठवत नाही. भुवईची खूणसुद्धा मीच दिली, डाव मी मारला होता हे सांगायला नको म्हणून.

ऑक्टोबरात इलारियाने तुम्हाला विचारलं होतं, "आन्येलो आजोबा कसे गेले?" तुम्ही म्हणालात, "नको विचारू बाळा, फार सोसलं त्याने." तिला वाटलं, माझी आजी सांगते ते खरंच आहे. तिने तो कागद प्रेमाने लिहिला. शूर माणूस विसरला जाऊ नये म्हणून.

तिला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये. कागद मात्र तिने बदलला आहे.

ओर्तेन्सिया


नेपल्स, १३ जून २०१९

ओर्तेन्सिया,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसंही तू केलं नाहीस. तू बोंबसुद्धा मारली नाहीस. करून सवरून नामानिराळी! मी तुला लिहितेय बिशपला लिही, आणि तू मला लिहितेस गोळी वेळेवर घ्या. गोळी! लाज नाही वाटली हा शब्द लिहायला?

वर गेले. दार ठोठावलं. नान्नीना आतून म्हणाली, "माझ्या घरात मेलेल्यांच्या खुणा मोजणारी राहते, तू कशाला येतेस?" दार उघडलं नाही. पायरीवर बसून दारालाच सगळं सांगितलं. तरी उघडलं नाही. तुझ्या जिभेची शिक्षा मी भोगतेय.

त्याने सहा तास थांबायला हवं होतं. मान्य. मी तेव्हाही त्याला बोलले होते. पण त्याचा सूड तू मेलेल्या माणसावर घेतलास, तोसुद्धा तो उठून "मी असा मेलो नाही" असं म्हणू शकत नाही तेव्हा. त्याचं मरण होतं ते, ओर्तेन्सिया. माणसाकडे स्वतःचं म्हणून दुसरं असतं काय? तेही तू त्याचं त्याला ठेवलं नाहीस.

कागद बदलला हे बरं झालं. माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. पत्रही नको.

एर्सिलिया


तुरिन, २ जुलै २०१९

वहिनी,

पत्र नको म्हणालात तरी लिहितेय. उंबऱ्याचं मात्र मी ऐकलं.

गेल्या गुरुवारी मी नेपल्सला आले होते. सकाळी किल्ल्यासमोरच्या चौकात पिवळ्या छत्रीखाली उभी राहिले. मोठी टोपी, काळा चष्मा, कानात त्यांनी दिलेलं यंत्र. बावीस जण होतो. शेजारच्या जर्मन बाईने विचारलं, "नेपल्सला पहिल्यांदाच?" मी हो म्हटलं. जन्मले त्या गावात मी हो म्हटलं, वहिनी, आणि मला ते खोटंही वाटलं नाही.

मग आम्हाला फिरवलं. माझा बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्ये "सतरावं शतक, पाच मिनिटं" असं सांगून आत सोडलं. माझ्या शाळेच्या खिडकीत आता कुणाची तरी चादर वाळत होती, तिचे सगळ्यांनी फोटो काढले. तळलेला पिझ्झा दिला. सगळे म्हणाले काय चव आहे, मी म्हटलं तेल जुनं आहे. नोएमी माझ्याकडे जरा बघायला लागली. चढावर धाप लागत होती, पण थांबले असते तर घोळका पुढे गेला असता, म्हणून चालत राहिले. गावात एवढं फिरले आणि कुणी मला नावाने हाक मारली नाही.

साडेदहाला आपल्या गल्लीत शिरलो. तुमचं दार बंद होतं. मी मनात ठरवून आले होते, नोएमी बोलायला लागली की पुढे होऊन सगळं सांगायचं. नोएमीने नवा कागद वाचला. "हे आन्येलो. ऑक्टोपसचं कढण विकायचे. साखरेच्या आजाराने घरी वारले." एवढंच. कुणी टोपी काढली नाही. एकाने विचारलं, "बस, एवढंच?" दुसऱ्याने विचारलं, संडास कुठे आहे. छत्री वर गेली आणि घोळका निघाला.

वहिनी, मला जो संताप आला! ज्याच्यासाठी सगळे तीन महिने रडले तोच हा माणूस, आणि गोळ्या काढून घेतल्या तर त्याच्यासाठी अर्धं मिनिट नाही? मी चष्मा काढला आणि ओरडले, "थांबा! कुठे निघालात?"

अठ्ठेचाळीस वर्षं तुरिनमध्ये जपून जपून बोलले, त्या दिवशी आपली बोली अशी आली की मलाच थांबवेना. सांगितलं त्यांना. ऐंशी सालच्या भूकंपात सगळं गाव चौकात झोपलं होतं, भिंतींना हात लावायला लोक घाबरत होते. तेव्हा हा माणूस घरात शिरून कढणाचा हंडा बाहेर ओढत आला आणि नऊ दिवस ज्याला हवं त्याला वाढत राहिला. तुम्हीच मला लिहिलं होतंत ते. म्हटलं, त्याला कुणी गोळी का नाही घातली माहीत आहे? टोळीवाल्यांच्या आयासुद्धा त्याच्याकडून कढण नेत होत्या म्हणून! त्याला गोळ्या मी घातल्या. मी त्याची बहीण. रुसून मातीला आले नाही, आणि ते झाकायला अकराच्या अकरा मी घातल्या.

नोएमी माझं बोलणं इंग्रजीत सांगत होती. अर्धे लोक पुढे निघून गेले होते. नऊ-दहा थांबले.

तेवढ्यात वरून हाक आली, "ए तुरिनवाली! आवाजावरून ओळखलं तुला!" नान्नीना गॅलरीत. मी सगळ्यांदेखत हात जोडले, म्हटलं, जीभ माझी होती, भोगलंस तू. त्यावर तिने मला दहा मिनिटं ज्या शिव्या घातल्या त्या मी लहानपणानंतर ऐकल्या नव्हत्या. त्या नऊ-दहा जणांना वाटलं हाही सहलीचाच भाग आहे. शेवटी टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

ती म्हणाली, एर्सिलिया बाजारात गेली आहे, येईलच, थांब. मी थांबले नाही. दादाच्या फोटोला हात लावला आणि निघाले. दुपारच्या गाडीने परत.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

ओर्तेन्सिया


नेपल्स, ८ जुलै २०१९

ओर्तेन्सिया,

मी भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आत नान्नीनाने सगळं सांगितलं. नंतर गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तू थोडी जास्त ओरडलीस. नान्नीनाने मला आत घेतलं. आता दिवसातून चार वेळा म्हणते, "खुणा मोजू का गं?" सहन करतेय, दुसरं काय करणार.

पण तू दारापर्यंत येऊन न भेटता गेलीस? उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हटलं तर लगेच ऐकलंस? जन्मात माझं एक ऐकलं नाहीस आणि नेमकं हेच ऐकायचं होतं? माझा असा संताप झाला की दोन दिवस पत्र लिहायला घेतलं नाही.

त्या दोन दिवसांत ठरवलं, तुझं तू सांगितलंस तर माझंही मी सांगते. मीही सोळा वर्षं तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुला लागेल म्हणून. प्रत्येक पत्रात लिहायला जायची आणि हात थांबायचा.

त्या जानेवारीत तुला फोन करायला मला त्यानेच सांगितलं होतं. फोन ठेवून मी पलंगापाशी आले तर त्याचे डोळे दारावर. विचारलं, "येतेय?" मी म्हटलं, "कशी येणार, पाय मोडलाय तिचा, प्लास्टर घातलंय." तो हसला, ओर्तेन्सिया. आठ दिवसांत हसला नव्हता. म्हणाला, "म्हणजे रागावलेली नाही. मला वाटलं, स्मशानात बोलली ते खरं करतेय." मला तेव्हा कळलंच नाही तो काय म्हणतोय, तुझं पत्र आल्यावर कळलं. मग म्हणाला, "तिला सांग, जिन्याने उतरू नकोस. आणि सांग, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं." रात्री तीनदा मला विचारलं, कुठला पाय? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं डावा.

तू रुसलेली आहेस हे मनात घेऊन तो गेला नाही. तुझ्या खोट्या पायाने त्याला ते समाधान दिलं. ते देवाने करवलं की सैतानाने, मला विचारू नकोस, मी पाद्रीबाबांनाही विचारलेलं नाही. पायाचा हिशोब मी सोडला.

गोळ्यांचा सोडलेला नाही. अकराच्या अकरांचा जाब मी तुला विचारणार आहे, एकेक करून, आणि तो पत्रातून नाही. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आपण दोघी त्याच्याकडे स्मशानात जाणार आहोत, आणि त्यासाठी तू दोन रात्री आधी येऊन माझ्याकडे राहणार आहेस. इलारियालाही आण, तिच्यावर माझा राग नाही, तिला नीट गोष्टी सांगायला कुणीतरी हवं.

ये. या वेळी पाय खरंच मोडला असला तरी ये.

तुझी वहिनी,
एर्सिलिया